कूपर्सचं २३ लिटरचं बिअर किट: डब्यावर भरवसा ठेवा, पुडीवर नको

ॲडलेडच्या कूपर्स कंपनीचा बिअरच्या अर्काचा १.७ किलोचा डबा म्हणजे घरगुती बिअरमधला पार्ले-जी. सगळे त्यानेच सुरुवात करतात, जरा जाणकार झाले की त्याला नाक मुरडतात, आणि मधे आठ-दहा वर्षं खंड पडून पुन्हा हात घालायचा म्हटलं की समोर परत तोच डबा येतो. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या बऱ्याच मराठी घरांच्या गॅरेजात एक जुना फरमेंटर, म्हणजे बिअर आंबवायचं मोठं भांडं, धूळ खात पडलेला असतो. बाटलीबंद बिअरवरचा अबकारी कर तिथे महागाई निर्देशांकाला बांधलेला आहे आणि वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, सरकतो. स्वतःपुरत्या केलेल्या बिअरवर तो लागत नाही. त्यामुळे फरमेंटर पुन्हा बाहेर काढायचा विचार अधूनमधून होतोच.

कायद्याचं आधीच सांगून टाकू. ऑस्ट्रेलियात घरी बिअर करायला परवाना लागत नाही. ती विकायची नाही आणि भट्टी लावून दारू गाळायची नाही, एवढी दोन बंधनं. ब्रिटनमध्ये १९६३ पासून परवान्याची अट नाही, आणि अमेरिकेत केंद्रीय पातळीवरची बंदी उठवणाऱ्या कायद्यावर १९७८ मध्ये जिमी कार्टर यांची सही झाली. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. तेव्हा डबा बॅगेत घालून पुण्याला नेऊन भावाला बिअर करून दाखवायची कल्पना असेल तर ती सोडा. तिथे मायक्रोब्रुअरीत जाऊन प्यावी.

पूर्ण किटच्या खोक्यात फरमेंटर, ७४० मिलिच्या ३० प्लास्टिकच्या बाटल्या, झाकणं, हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायचं साधन), चिकटपट्टीचा थर्मामीटर, ढवळायचा पळा, बाटली भरायची नळी, अर्काचा डबा, साखरेचं मिश्रण आणि फेसासाठी साखरेच्या गोळ्या असं सगळं येतं. जुना फरमेंटर धड असेल तर हे घ्यायची गरज नाही, नुसता डबा घ्या. धड म्हणजे काय ते पुढे येतंच.

आधी डबा. बार्लीचं मॉल्ट (मोड आणून वाळवलेले दाणे) भिजवून, त्यातली साखर उतरवून, हॉप्ससह (कडवटपणा आणि वास देणारी फुलं) उकळून आटवलेला हा अर्क असतो. दिसायला आणि सांडायला अगदी काकवीसारखा. बिअर बनवण्यातला निम्म्याहून जास्त त्रास कारखान्यातच उरकलेला असतो आणि तो नीट उरकलेला असतो. म्हणून याला परत तासभर उकळत बसू नका. कडवटपणा आधीच आत आहे, उकळल्याने उरलासुरला हॉप्सचा वास उडतो आणि रंग गडद होतो. डब्याचा खरा शत्रू म्हणजे वय. द्रव अर्क ठेवून ठेवून काळवंडतो, आणि त्यातून ती ओळखीची ‘किटची चव’ येते: जराशी शिळी, जराशी जळक्या साखरेसारखी, घशाशी रेंगाळणारी. बरेच लोक तिचा दोष किटला देतात, प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा दुकानाच्या फळीवर पडून राहिलेल्या डब्याचा असतो. तारीख बघून घ्या. मुदत संपायला निदान वर्ष शिल्लक असलेला डबा आणि सवलतीच्या टोपलीतला डबा यांच्या बिअरमध्ये चार डॉलरपेक्षा जास्त फरक पडतो.

खंडानंतर परतणाऱ्याने पहिला डबा कुठला घ्यावा? लेगर नाही. ‘ओरिजिनल’ मालिकेतला लेगरचा डबा सगळ्यात जास्त उचलला जातो, पण हलक्या बिअरमध्ये चूक लपत नाही. वरणात मीठ जास्त झालं तर कळतं तसं. एल म्हणजे लेगरपेक्षा उबदार तापमानाला आंबणारी बिअर; त्यातली रिअल एल किंवा डार्क एल घ्या. स्टाउट (काळी, दाट एल) तर सगळ्यात क्षमाशील. शिवाय नावाने फसू नका: ओरिजिनल लेगरच्या झाकणाखाली असतं ते एल जातीचं यीस्ट, ते लेगरच्या थंडीत काम करत नाही. खरं लेगर यीस्ट ‘युरोपियन लेगर’च्या डब्यात येतं, आणि त्याला १०-१४ अंशांची सोय लागते. फ्रिज नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

आता त्या पुडीबद्दल. डब्याच्या प्लास्टिकच्या झाकणाखाली यीस्टची ७ ग्रॅमची पुडी असते. यीस्ट वाईट नाही. चिवट आहे आणि उन्हाळाही सहन करतं. प्रश्न वजनाचा आणि प्रवासाचा आहे. सुट्ट्या विकल्या जाणाऱ्या एल यीस्टच्या पुड्या साधारण ११ ते ११.५ ग्रॅमच्या असतात आणि त्याही २०-२३ लिटरसाठीच. इथे ७ ग्रॅममध्ये तेवढंच काम, तेही डब्याबरोबर गोदामात आणि ट्रकमध्ये तापून आल्यानंतर. कमी आणि थकलेलं यीस्ट सुरुवातीला धापा टाकतं, आणि त्या काळातच हिरव्या सफरचंदासारखा वास आणि बाकीचे नको ते स्वाद तयार होतात. उपाय सोपा आहे. फर्मेंटिस कंपनीचं यूएस-०५ (स्वच्छ, तटस्थ चव) किंवा एस-०४ (इंग्लिश वळणाचं, तळाशी घट्ट बसणारं) अशी एक पुडी वेगळी घ्या. लालेमंडचं नॉटिंगहॅमही चालतं. सगळ्या किटमध्ये एकच बदल करायचा असेल तर तो हा. डब्यातली पुडी फेकू नका: ती भाकरीच्या पिठात नाही, पण पावात चालते, किंवा फरमेंटरमध्ये काही अडलं तर राखीव म्हणून फ्रिजमध्ये ठेवता येते.

कूपर्सच्याच पेल एलसारखी बिअर हवी असेल तर एक गंमत आहे. कूपर्सच्या बाटलीबंद एलच्या तळाशी जिवंत यीस्टचा साका असतो, आणि ते किटमधल्या पुडीपेक्षा वेगळं यीस्ट आहे. ताज्या तारखेच्या तीन बाटल्या घ्या, दोन दिवस फ्रिजमध्ये उभ्या ठेवा, अलगद ओतून प्या, आणि तळाचा बोटभर भाग राखा. १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम सुकं मॉल्ट (मॉल्टच्या अर्काची पूड) दहा मिनिटं उकळून खोलीच्या तापमानाला आणा, निर्जंतुक केलेल्या बरणीत साक्यासकट ओता, तोंडाला फॉइल सैल लावा. दिवसातून चार-पाच वेळा हलवत राहा. दोन ते चार दिवसांत वर फेस धरतो आणि तळाशी दुधट थर बसतो. वास पावासारखा, फळासारखा यायला हवा. आंबट किंवा नेलपॉलिशसारखा आला तर सरळ ओतून द्या.

तापमानावर इतका जोर का, हे ज्याने घरी दही लावलंय त्याला पटवायला नको. विरजण तेच, दूध तेच. उन्हाळ्यात आंबट आणि तार सुटलेलं, थंडीत पातळ. यीस्टचंही तसंच, फक्त त्याची चूक पिताना डोक्यात भिनते. एल यीस्टला पहिले तीन दिवस १८ ते २० अंश मिळाले तर बिअर स्वच्छ होते. २६-२८ ला गेलं की केळ्याचे, द्रावकासारखे वास आणि जड अल्कोहोल. डब्यासोबतच्या सूचना सगळ्यांना झेपाव्यात म्हणून सैल हाताने लिहिलेल्या असतात. त्यातलं तापमानाचं वरचं टोक हे ‘बिअर होईल’ याची खात्री देतं, ‘बिअर चांगली होईल’ याची नाही. आणखी एक गोष्ट थर्मामीटरची पट्टी उशिरा सांगते: आंबताना स्वतःची उष्णता तयार होते, म्हणून खोली २२ वर असेल तर आतला द्रव २४-२५ वर असतो.

उपाय दोन. गरिबाचा: फरमेंटर मोठ्या टबात पाण्यात उभा करायचा आणि गोठवलेल्या पाण्याच्या दोन-दोन बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलायच्या. चार दिवस हे केलं तरी पुरतं, कारण स्वादाची वाट तेवढ्यातच लागते. नंतर तापमान हळूहळू २१-२२ पर्यंत चढलेलं उलट चांगलं, यीस्ट शेवटची साफसफाई करतं. दुसरा उपाय: जुना चालू फ्रिज आणि डिजिटल तापमान नियंत्रक. नियंत्रकाचं टोक हवेत लोंबकळत ठेवू नका, फरमेंटरच्या भिंतीला टेपने चिकटवून वरून फोमचा तुकडा लावा. हवेत ठेवलं तर फ्रिज दर पाच मिनिटांनी चालू-बंद होतो आणि द्रवाला त्याचा पत्ताही नसतो. महागड्या साखरेच्या पाकिटांपेक्षा आणि नव्या फरमेंटरपेक्षा या नियंत्रकावरचा खर्च चवीत जास्त दिसतो.

साखरेचं थोडक्यात. जुन्या काळचा डबा अधिक किलोभर साधी साखर हा हिशोब विसरा. साखर पूर्ण आंबते, मागे अंग काहीच ठेवत नाही, बिअर पातळ आणि कोरडी लागते. कूपर्सचं ‘ब्रू एन्हान्सर १’ म्हणजे डेक्स्ट्रोज (ग्लुकोज साखर) आणि माल्टोडेक्स्ट्रिन (बिअरला अंग देणारी, न आंबणारी पूड). ‘२’ मध्ये त्याबरोबर सुकं मॉल्टही असतं. दुसरं घ्या. त्याहून बरं म्हणजे सरळ १ किलो सुकं हलकं मॉल्ट. बिअर भरदार हवी असेल पण खर्च नको असेल तर २३ ऐवजी २१ लिटरवर थांबा, हा सगळ्यात स्वस्त सुधार आहे. गूळ घालून पाहायचा मोह आपल्याकडच्या प्रत्येकाला होतो. स्टाउट किंवा डार्क एलमध्ये २०० ते २५० ग्रॅमपर्यंत तो शोभतो. लेगरमध्ये किलोभर घातला तर गोडी आंबून जाते आणि मागे फक्त खारट-मातकट चव उरते.

प्रत्यक्ष दिवसाची कृती पाऊण तासाची आहे. आदल्या रात्री ८ लिटर पाणी फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात हे टाळलंत तर सगळं फसलं: नळाचं पाणी २८ अंशांवर असताना फक्त शेवटचे तीन लिटर थंड घातले तर मिश्रण साडेचोवीसच्या खाली येत नाही, पण ८ लिटर ४ अंशांचं आणि १५ लिटर २८ अंशांचं मिळून (उकळतं पाणी आणि अर्काची उष्णता सोडून) २० च्या आसपास बसतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं. अर्धी कॅम्पडेन गोळी (सल्फाइटची गोळी) कुटून सगळ्या पाण्यात विरघळवली की ते निघून जातं. नाहीतर बिअरला बँड-एडचा वास येऊ शकतो. ब्लीचने धुऊन नीट न खळबळलेल्या फरमेंटरचा वासही हाच.

धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन कामं आहेत. आधी सोडियम परकार्बोनेट कोमट पाण्यात घालून भिजत ठेवा, मऊ फडक्याने पुसा, खळबळा. मग फॉस्फोरिक आम्लाचं, न खळबळता वापरायचं द्रावण फवारा; प्रमाण बाटलीवरचंच, अंदाजे लिटरला दीड मिलि. त्याचा फेस राहिला तर राहू द्या, यीस्टला त्याने काही होत नाही. डबा दहा मिनिटं गरम पाण्यात उभा ठेवला की अर्क सळसळीत होतो. दोन लिटर उकळलेल्या पाण्यात आधी मॉल्ट किंवा साखर विरघळवा, मग अर्क. क्रम उलटा केला तर सुकं मॉल्ट वाफेने गोळे धरतं आणि पळ्याला च्युइंगगमसारखं चिकटतं. डबा उकळत्या पाण्याने खळबळून तेही आत. मग थंड पाणी, २० लिटरपर्यंत, तापमान बघा, आणि शेवटचे तीन लिटर गरम किंवा थंड घेऊन हवा तो आकडा गाठा. जोरात ढवळा, फेस येऊ द्या: याच एका क्षणी बिअरला हवा लागते, नंतर कधीच नाही. हायड्रोमीटरचं माप घेऊन लिहून ठेवा आणि यीस्ट वर भुरभुरून झाकण लावा.

कूपर्सच्या आताच्या फरमेंटरला एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, पाणी भरलेली छोटी झडप) नाही. जुन्या लोकांना ते बुडबुड ऐकल्याशिवाय चैन पडत नाही, पण झाकण सैल बसतं आणि वायू कडेने निघून जातो, त्यात धोका काही नाही. वरची सुटी कडी (भांड्याच्या तोंडावर बसणारी रिंग) ही फेसाचा चिकट थर धरायला आहे; फेस खाली बसला की ती काढून झाकण खाली लावायचं. कल्पना चांगली, वापरात मात्र ती धुवायची एक जागा वाढवते आणि झाकण उघडायचं निमित्त देते. कडी तशीच राहू दिली तरी काही अडत नाही. आत दिसतं हे छान, पण म्हणूनच उन्हात आणि ट्यूबलाइटखाली ठेवू नका, प्रकाशाने हॉप्समधल्या घटकांतून उग्र, गंधकी दुर्गंधी तयार होते. जाड टॉवेल गुंडाळा. खरी नाजूक जागा तोटी. ती दोन भागांत सुटते, दर वेळी सोडवून धुवावी लागते, कारण मधल्या फटीत मागच्या बिअरचा लगदा बसतो आणि संसर्ग नेमका बाटली भरताना पोचतो.

जुना फरमेंटर असेल तर तोटी आणि तिचं वायसर नवीन घ्या, नळ्या फेकून द्या. आतून ओरखडे असतील, स्क्रबरने घासल्याचे, तर तो आता लोणच्याला किंवा बागेला द्या. ओरखड्यात जंतू द्रावणापासून लपतात. हायड्रोमीटर २० अंशांच्या साध्या पाण्यात १.००० दाखवतो का बघा. आतला कागद सरकलेला असेल तर सगळे आकडे खोटे.

डबा आणि किलोभर डेक्स्ट्रोज किंवा एन्हान्सर २३ लिटरला घेतलं तर हायड्रोमीटरचं सुरुवातीचं माप १.०३८ च्या आसपास येतं. शेवट १.००८ ते १.०१२ मध्ये, माल्टोडेक्स्ट्रिन आंबत नाही म्हणून एन्हान्सरवर तो जरा वर थांबतो, घाबरू नका. अल्कोहोलचा हिशोब: दोन मापांतल्या शेवटच्या दोन-दोन आकड्यांची वजाबाकी (जसं ३८ वजा १०), भागिले ७.४६, अधिक बाटलीतल्या साखरेचं अर्धा टक्का. १.०३८ वरून १.०१० ला आली तर सव्वाचार टक्के. सहा-सात दिवसांत आकडा खाली येतो, पण बाटलीत भरायची घाई नको. दोन दिवसांच्या अंतराने माप सारखं आलं की आंबणं संपलं, त्यानंतरही आठवडाभर तशीच ठेवली तर बिअर निवळते. आकडा १.०२० वर अडकला तर बहुधा थंडीने. २१-२२ अंशांवर आणून फरमेंटर अलगद गोल हलवा, साका उठतो आणि गाडी पुढे जाते. अडकलेली बिअर बाटलीत भरणं म्हणजे सुतळी बॉम्ब तयार करणं.

हॉप्सचा ताजा वास हवा असेल तर चौथ्या-पाचव्या दिवशी २५ ते ५० ग्रॅम कॅस्केड जातीच्या हॉप्सच्या गोळ्या सरळ वरून टाका. पेल एलच्या डब्याला याने ओळखू न येण्याइतका फरक पडतो.

बाटल्यांचं काम किटमध्ये सगळ्यात नीट जमवलेलं आहे. तोटीला लावायची नळी तळाशी दाबली की वाहते, उचलली की थांबते. नळी काढल्यावर वर आपोआप योग्य तेवढी जागा राहते. ७४० मिलिला साखरेच्या दोन गोळ्या, ३३० ते ३७५ ला एक. हे प्रमाण लिटरला साधारण ८ ग्रॅम साखर पडतं, जे लेगरला ठीक, इंग्लिश वळणाच्या एल किंवा स्टाउटला जास्त. तिथे गोळ्यांऐवजी साखर मोजून, लिटरला ५-६ ग्रॅम घाला. प्लास्टिकच्या बाटल्या तापलेल्या पाण्याने धुऊ नका, आकसतात. दाबून बघितल्यावर दगडासारख्या लागल्या की वायू तयार झाला. त्यासाठी १८ अंशांच्या वर दोन आठवडे हवेत, लगेच फ्रिजमध्ये टाकल्या तर गोड आणि सपक राहतात. पण प्लास्टिकमधून हवा हळूहळू आत शिरते, म्हणून सहा महिन्यांत संपवा. वर्षभर ठेवायची स्टाउट काचेत भरा, तीही जाड, पुन्हा बूच लावता येणाऱ्या काचेत. पिळून उघडायच्या झाकणाच्या पातळ बाटल्या यासाठी नाहीत.

पिताना तळाचा साका. साउथ ऑस्ट्रेलियात कूपर्सची पेल एल उघडण्याआधी बाटली आडवी करून टेबलावर लोळवतात, यीस्ट सगळीकडे मिसळावं म्हणून. घरच्या बाटलीला हे करायचं की नाही ते आत कुठलं यीस्ट आहे यावर. बाटलीतून वाढवलेलं असेल तर लोळवा, चव त्यातच आहे. यूएस-०५ किंवा किटमधली पुडी असेल तर बाटली उभी ठेवा, एका दमात मोठ्या जगमध्ये ओता आणि शेवटचा बोटभर भाग तळाशीच सोडा.